तंबूआडचं हसू

माझ्या सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी, त्यांच्या डोळ्यात औषध घालता घालता, मी त्यांना सांगून टाकलं की माझा देवावर विश्वास उरलेला नाही.

ठरवून वगैरे काही नाही. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या रोज संध्याकाळी पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलचं, एक पान वाचायच्या, गेली तीस-पस्तीस वर्षं. आता डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केली होती आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचाच होता, म्हणजे तिकडूनही धुकं. तर त्या म्हणाल्या, "उद्यापासून तू वाचून दाखव गो. मी आडवी पडले म्हणून देवाला काय सुट्टी द्यायची?"

"वाचेन ना," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य आपोआपच बाहेर पडलं. "पण आई, मला त्यातलं काही खरं वाटत नाही. तीन वर्षं झाली."

थेंब डोळ्यात पडायच्या ऐवजी त्यांच्या गालावर पडला आणि कानाकडे ओघळला.

"तो वाया गेला," आई म्हणाल्या. "दुसरा घाल."

मी दुसरा घातला. त्यानंतर पाच मिनिटं डोळा मिटून पडायचं असतं. त्या पडल्या. मी शेजारी बाटली धरून उभी राहिले, शाळेत बाकावर उभं केल्यासारखी. नवरा कामावर, मुलगी नर्सिंगच्या होस्टेलवर. घरात आम्ही दोघीच. पाच मिनिटं झाली, सहा झाली.

"वाचायला विश्वास कशाला लागतो?" आई शेवटी म्हणाल्या. "वाचायला चष्मा लागतो. तो तुझ्याकडं हाय."

झालं. एवढीच चर्चा. तीन वर्षं मी ही गोष्ट नवऱ्यापासूनसुद्धा लपवली होती, फुटली तर घरात काय होईल याची धास्ती घेतली होती, आणि प्रत्यक्षात एक थेंब औषध वाया गेलं.

मी बोईसरला एका औषधाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे सॅम्पल येतं, आम्ही तपासतो, पास किंवा फेल लिहितो. माझ्या विश्वासाचं काय झालं ते मात्र मला कधीच असं एका शब्दात लिहिता आलं नाही. सुरुवात कुठून झाली तेवढं माहीत आहे. माझे वडील चिंचणीला असायचे. चिकूची छोटी वाडी, थोडी भाजी, आणि रविवारी चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या किडन्या गेल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी नऊ दिवसांची प्रार्थना धरली. भावंडं, काका, शेजारी, सगळे. मी रजा टाकून गेले होते. इतक्या मनापासून मी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. आठव्या दिवशी वडील गेले.

नववा दिवस उरला. घरातल्या मोठ्यांनी तोही पूर्ण केला. सगळे गुडघे टेकून बसले होते आणि मला कळेना, आता मागायचं काय? तिथेच काहीतरी विझलं. राग आला असता तर बरं झालं असतं, राग नव्हता. फोनला रेंज नसते तसं झालं. मी दर रविवारी मिस्साला, देवळातल्या उपासनेला, जात राहिले, नवऱ्याबरोबर, आईंना स्कूटरवर मागे बसवून. प्रवचनानंतर सगळे उभे राहून आपला विश्वास मोठ्याने सांगतात, तेव्हा मी नुसते ओठ हलवायचे. कुणाला कळत नाही. बाजूची बाई इतकी बेसूर आणि मोठ्याने म्हणते की तिच्या आवाजात दहा जण लपून जातील.

तर मी वाचायला बसले. पहिल्या पानापासून, कारण आईंचं म्हणणं, मधूनच घेतलं की नाती लक्षात राहत नाहीत. मी लॅबमधली सूचनापुस्तिका वाचावी तसं वाचायचे. आई काळा चष्मा लावून सोफ्यावर आडव्या, पोटावर हात. मधून मधून टिपणी चालू.

जगबुडी झाली, नाव तरली. "एवढी जनावरं, आणि शेण कोण काढत होतं ते लिवलं नाय," आई म्हणाल्या. त्या एडवणकडच्या, घरात गुरं असायची. मला हसू आलं, पण मी वाचत राहिले. माझं काम वाचायचं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट आली. शंभरीला टेकलेला म्हातारा भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलाय. तीन पाहुणे येतात, त्यांतला एक खुद्द देव. म्हातारा उठतो, धावत आत जातो आणि बायकोला सांगतो, लवकर तीन मापं पीठ मळ.

"बघ," आई उठून बसल्या. "नव्वद वर्षांची बाई, भर दुपार, आणि तीन मापं पीठ! सांगायला काय जातं पुरुषाचं?"

"आई, झोपा. डोळ्यावर ताण येईल."

"मळलं असेल तिनं. शिव्या दिल्या असतील मनातल्या मनात. ते पण लिवलं नाय. पुढं वाच."

पुढे पाहुणा सांगतो, पुढच्या वर्षी याच सुमाराला या बाईला मुलगा झालेला असेल. तंबूच्या पडद्याआड म्हातारी ते ऐकते आणि हसते. माझं हे वय, माझ्या नवऱ्याचं ते वय, आणि म्हणे मूल!

वाचता वाचता माझ्या नाकातून फुस्सकन आवाज निघाला.

"का हसलीस?" आईंनी विचारलं.

"मी कुठे हसले?" मी म्हणाले.

आणि पुढच्या ओळीकडे बघितलं. पुढच्या ओळीत देव विचारतो, ही का हसली. आणि म्हातारी घाबरून म्हणते, मी हसलेच नाही. मला ती ओळ मोठ्याने वाचावी लागली. अर्ध्यापर्यंत वाचली आणि जे हसू सुटलं ते सुटलंच. आईंनाही कळलं. त्यांचं हसणं म्हणजे आधी आवाज नाही, नुसतं पोट हलतं, मग एकदम शिट्टीसारखा सूर. डॉक्टरांनी शिंकायचं नाही, खोकायचं नाही, वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. हसण्याबद्दल काही बोलले नव्हते. मी त्यांना "आई, डोळा! आई, डोळा!" म्हणून ओरडत होते आणि स्वतः पुस्तक छातीशी धरून जमिनीवर बसले होते.

शांत झाल्यावर आईंनी विचारलं, "मग काय शिक्षा झाली तिला?"

मी पानं उलटली. पुढची दोन पानं, चार पानं. रिपोर्टमध्ये चूक शोधावी तशी बारकाईने. शिक्षा कुठेच नव्हती. देव फक्त म्हणाला होता, नाही, तू हसलीस. बास. आणि पुढे ठरल्याप्रमाणे मूल झालं, आणि त्या मुलाचं नाव ठेवलं, त्या नावाचा अर्थच हसणं.

"विश्वास नाय ठेवला, वर खोटं बोलली," आई बोटं मोजत म्हणाल्या, "तरी पोर दिलं. आणि नाव काय ठेवलं, तर हसू! देवाला मजाच आली असणार."

"पण तिला दिलं," मी म्हणाले. माझा आवाज बदलला तो मलाच कळला. "माझे बाबा गेले, आई."

बाहेर पावसाची सर येऊन गेली.

"ते मला नाय समजत गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापासाठी मी पण मागितलं होतं. मला पण नाय मिळालं. मी महिनाभर देवाशी बोलले नाय."

"तुम्ही? तुम्ही तर रोज वाचत होता."

"वाचत होते. बोलत नव्हते. नवऱ्याशी अबोला धरला म्हणून कोण घर सोडून जातं? अबोला धरायचा, पण त्याच घरात बसून धरायचा. मग कधीतरी तो काहीतरी खुळ्यासारखं बोलतो आणि आपल्याला हसू येतं."

त्या दिवसापासून वाचायच्या वेळेची मी वाट बघायला लागले, हे खरं. साडेसहा वाजले की लॅबचा कोट काढून स्कूटरला किक मारायचे आणि खड्डे चुकवत घरी.

जुलैत आमच्या देवळात आजी-आजोबांचा रविवार असतो. आमचे फादर तरुण आहेत, जव्हारकडच्या डोंगरातले, बोलतात हळू आणि डोळे सारखे हसत असतात. आजारी माणसांना कम्युनियन, मिस्सातली पवित्र भाकर, द्यायला म्हणून ते आमच्या घरी आले, तर आईंनी त्यांना ती सगळी गोष्ट, पिठासकट, साभिनय ऐकवली. फादर म्हणाले, "आजी, हेच रविवारी करा. प्रवचनाच्या जागी. मला पण एक रविवार सुट्टी."

अशा रीतीने माझ्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई नव्वद वर्षांच्या झाल्या. म्हाताऱ्या नवऱ्याचं काम एका निवृत्त फिटर आजोबांना मिळालं. उंच, देखणे, पण दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरे. पाहुण्याचं काम खुद्द फादर करणार. मी पडद्याआड कागद घेऊन बसायचं आणि विसरलं की सांगायचं. आईंना अजून वाचता येत नव्हतं आणि आजोबांना ऐकू येत नव्हतं, तेव्हा माझं काम सोपं नव्हतं.

तालमी आमच्या हॉलमध्ये झाल्या. आईंचं सगळं पाठ झालं, फक्त हसणं जमेना. खोटं हसायला सांगितलं की त्या "हा. हा. हा." असं तीनदा म्हणायच्या, भाजीवाल्याला नको म्हणावं तसं. मी म्हणाले, "आई, खरं हसा ना." त्या म्हणाल्या, "खरं हसायला खरं कारण लागतं."

त्या रविवारी देऊळ भरलेलं होतं. वसईकडचे, मंगळूरकडचे, केरळचे, आतल्या पाड्यांवरून जीपने आलेले, झारखंडहून कारखान्यांत कामाला आलेले, सगळे. वेदीच्या बाजूला खांब आणि माइकचा स्टँड यांच्यामध्ये दोरी बांधून त्यावर आमच्या घरची फुलाफुलांची चादर टाकली होती. तो तंबू. आत आई स्टुलावर, काळा चष्मा, ठेवणीतलं लाल लुगडं. आणि त्यांच्या पायाशी उकिडवी मी, हातात कागद. मला एवढंच वाटत होतं की लवकर उरकावं.

आजोबा बाहेर खुर्चीवर बसले. फादर आले. आजोबांनी छान वाकून स्वागत केलं, पीठ मळायला सांगितलं. मग फादरांनी विचारलं, "तुमची बायको कुठे आहे?"

इथे आजोबांनी "ती तंबूत आहे" म्हणायचं होतं. आजोबा म्हणाले, "ती पुण्याला गेलीय. मुलीकडे. गुरुवारी येईल."

चादरीमागून आई कडाडल्या, "मी इथं हाय! तंबूत!"

लोक हसायला लागले. फादरांनी चेहरा सरळ ठेवला, कसा कोण जाणे. आजोबांच्या कानाशी जाऊन ते मोठ्याने म्हणाले, "पुढच्या वर्षी मी येईन, तेव्हा तुमच्या बायकोला मुलगा झालेला असेल!"

हे मात्र आजोबांना स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी फादरांकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, आणि काळजीने विचारलं, "तिला विचारलंय का?"

आता आईंनी हसायचं होतं. मी वर बघितलं. आई हसतच होत्या, पण त्यांचं ते पहिलं, बिनआवाजाचं हसणं. नुसतं पोट हलत होतं आणि काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. बाहेर कुणाला काही ऐकू जात नव्हतं. लोक थांबले होते. मी घाबरले आणि कुजबुजले, "हसा, आई, हसा!"

चादरीची दोरी ज्या स्टँडला बांधली होती त्यावरचा माइक चालू होता. माझी कुजबुज चारी स्पीकरांतून देऊळभर घुमली. "हसा, आई, हसा!"

मग कोण थांबणार? सगळं देऊळ फुटलं. पाड्यांवरच्या बाया पदर तोंडाला लावून, झारखंडची मंडळी बाकावर हात आपटून, माझा नवरा तिसऱ्या रांगेत मान खाली घालून. आईंचा शिट्टीचा सूर निघाला. त्यांनी आधारासाठी चादर धरली, चादर दोरीसकट खाली आली, आणि मी सगळ्यांसमोर उघडी पडले, उकिडवी, कागद हातात, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळत असलेली.

फादर अजून पाहुणेच होते. ते दोन पावलं पुढे आले. पण त्यांनी आईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू का हसलीस?"

आणि मी म्हणाले, "मी नाही हसले."

ते वाक्य माझं नव्हतंच. पाठ झालेलं होतं, तोंडातून निघून गेलं. फादर हळू आवाजात, अगदी जवळच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "नाही. हसलीस तू."

देऊळ अजून हसत होतं. पण मला त्या तीन शब्दांत काहीतरी झालं, ते कसं सांगू? फादरांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. तरी मला वाटलं की कुणीतरी मला पडद्यासकट, ओठ हलवण्यासकट, तीन वर्षांच्या खोटेपणासकट बघतंय, आणि बघून रागावलेलं नाही. उलट त्याला मजा वाटतेय. मी इतकी वर्षं समजत होते की विश्वास हरवला म्हणजे मी फेल झाले, माझ्या नावापुढे शेरा पडला. इथे शेरा नव्हताच. इथे सगळे पोट धरून हसत होते आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, खोलवर, मला तो हसताना जाणवला. होता. फोनला एकदम रेंज यावी आणि साठून राहिलेले सगळे निरोप धडाधड यावेत तसं.

फादरांनी गोष्ट पुरी केली, मुलाचं नाव काय ठेवलं ते सांगितलं, आणि डोळे पुसत म्हणाले, "चला, उभे राहू या. आपला विश्वास सांगू या."

मी तिथेच, पडलेल्या चादरीवर उभी राहिले. सगळ्यांनी सुरुवात केली. मी ओठ हलवले आणि आवाज आला. उचकी लागलेला, किनरा, पण माझा. पित्याबद्दल म्हटलं. मग येशूबद्दल. तो क्रूसावर मेला, त्याला पुरलं, इथे मी नेहमी खाली बघायचे. मला चिंचणीची माती दिसायची. त्या दिवशीही दिसली. पण वाक्य तिथे थांबत नाही, पुढे तिसरा दिवस आहे, तो उठला आहे. मला एकदम वाटलं, माझ्या वडिलांचा नववा दिवस अजून संपलेलाच नाही. आम्ही तो उगाच उरकला. तो चालू आहे, आणि त्याचं काय करायचं ते ज्याने थडगं रिकामं केलं त्याला माहीत आहे. मी ते वाक्य इतक्या मोठ्याने म्हटलं की त्या बेसूर बाईने आपल्या बाकावरून मान वाकडी करून बघितलं. आई माझा हात धरून उभ्या होत्या आणि अजून मधूनच हलत होत्या.

पुढचा आठवडा मी जमिनीवर नव्हते. लॅबमध्ये बाटल्यांवर लेबलं लावता लावता हसू फुटायचं. यवतमाळहून आलेली माझी सहकारी म्हणाली, "काय ग, पगार वाढला का?" मी म्हणाले, "नाही, नव्वद वर्षांच्या बाईला मुलगा झाला." ती माझ्यापासून जरा लांब बसायला लागली.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो जेवत होता. घास हातात धरून म्हणाला, "म्हणजे तुझा विश्वास गेला होता?"

"तीन वर्षं."

"आणि आता आला?"

"हो."

"मला मधलं कळलंच नाही," तो खजील होऊन म्हणाला, आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो.

फादरांकडे मात्र मी मुद्दाम गेले. सगळं ओठ हलवण्यापासून सांगितलं. मला भीती होती की ते काहीतरी गंभीर बोलतील. ते म्हणाले, "तीन वर्षं दर रविवारी येत होता ना? पावसातसुद्धा?"

"हो. आईंना आणायला लागायचं."

"येशू उठला तेव्हा एक शिष्य तिथे नव्हता," ते म्हणाले. "तो म्हणाला, जखमांना हात लावल्याशिवाय मी मानणार नाही. पण रुसून घरी नाही गेला. बाकीच्यांबरोबर त्याच खोलीत राहिला. आठ दिवसांनी येशू पुन्हा आला, आणि थेट त्याच्यापाशी गेला. तुम्ही खोली सोडली नाही, एवढंच पुरे होतं."

मी म्हणाले, "फादर, ते हसू ओसरेल तेव्हा?"

"ओसरेल," ते म्हणाले. "तेव्हा पण या."

ओसरलं अर्थातच. अजूनही एखाद्या मंगळवारी दुपारी, मशीनवरचा आलेख बघताना, मनात येतं: हे सगळं आपल्या मनाचे खेळ तर नसतील? पूर्वी मी ते दडपून टाकायचे. आता मी सरळ त्यालाच सांगते, अरे, मला आज तू पटत नाहीस. आणि ते सांगायला कुणीतरी आहे हे सांगता सांगताच लक्षात येतं आणि माझीच फजिती होते. वडील का गेले ते मला अजून माहीत नाही. तो प्रश्न मी ठेवून दिलाय, पण त्याच्या शेजारी बसायची आता भीती वाटत नाही.

फादरांनी मला मराठी मिस्साच्या वाचकांच्या यादीत घातलं. नाताळच्या आधीच्या आठवड्यात, मिस्सा सुरू होण्याआधीच्या वाचनाला, माझी पाळी आली. मी हौसेने काय आहे ते बघायला गेले तर नुसती वंशावळ. येशूचे पूर्वज, पहिल्यापासून शेवटपर्यंत, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा अमका, अडखळायला लावणारी नावंच नावं. ही वाचायला कुणी मागत नाही. मी पण सुरुवातीला तोंड वाकडं केलं. पण पहिल्याच ओळीत ते हसू नावाचं मूल भेटलं, आणि मग मला थांबवेना. राजे, मेंढपाळ, फसवणारे, फसलेले, परक्या गावच्या बायका, सगळ्यांना मी एकेक करून, ठणठणीत आवाजात, आनंदाने हाक मारत गेले. लोक माना वर करून ऐकायला लागले.

मिस्सा संपल्यावर दारात एक म्हातारी भेटली. माझा हात दाबून म्हणाली, "काय गो, वाचत होतीस का लग्नाच्या वऱ्हाडाला बोलवत होतीस?"

"वऱ्हाडालाच," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी पायऱ्या उतरून चहाच्या टेबलाकडे गेलो.